मडगार्डखालची चार बोटं

टेकचंदने मागच्या चाकावर मडगार्डखाली हात घातला. अख्खी वीत आत गेली आणि वर आणखी दोन बोटं मावली. उकिडवा बसल्या बसल्याच तो हसला.

"वासुदेवराव, गाडी घेतली का मचान घेतलं?"

वासुदेवराव हसले नाहीत. पवनीच्या बाजारामागे टेकचंदचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि त्याच्या दारात ते मिटलेली छत्री टेकून उभे होते. अँबेसेडर मूळची एका जंगल ठेकेदाराची. तेंदूपत्त्याच्या वाटांवर पोट घासू नये म्हणून त्याने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींत जास्तीचे लोखंडी पट्टे भरून तिला उंच करून घेतलं होतं, आणि त्या उंचीसकट ती आसगावला वासुदेवरावांच्या दारात आली होती.

"खाली करून पायजे," ते म्हणाले.

"किती?"

त्यांनी छत्री भोजराजच्या हातात दिली. भोजराज त्यांचा भाचा, त्यांची गाडी तोच चालवायचा. मग वासुदेवराव गाडीच्या उघड्या दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी डावा पाय जमिनीपासून उचलला. वीतभरसुद्धा नाही. उचलला तो तसाच धरून ठेवला. साठी उलटलेला माणूस, एका पायावर, भर बाजाराच्या मागे. पाय थरथरायला लागला तरी त्यांनी तो खाली टेकवला नाही. भोजराज दुसरीकडे पाहू लागला.

"एवढाच उचलत होती," वासुदेवराव म्हणाले. "याच्यावर नाई. गुडघे आखडले होते तिचे. एवढ्यात बसता आलं पायजे."

टेकचंदचं हसू जागच्या जागी विरलं. वासुदेवरावांच्या बायकोला, रुखमिणीबाईंना, जाऊन वर्ष झालं होतं, आणि कशा गेल्या ते पवनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी घेतली होती ती त्यांच्यासाठीच, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेण्या-आणण्याला. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली बघायला जमली. बाईंनी पाय उचलला, तो दारापर्यंत पोचेना. मागून भोजराजने आणि दोन बायकांनी उचलून पाहिलं, तर बाई सगळ्यांदेखत धुळीत बसल्या. लोक हसले. वाईट नव्हते, पण हसू आलं ते आलं. त्यानंतर बाई गाडीजवळ फिरकल्या नाहीत. नवऱ्याला एकदाच म्हणाल्या, थोडी खाली करून घ्या नं. तेव्हा वासुदेवराव म्हणाले होते, "गाडी का बैल हाये का, बस म्हनलं का बसाले?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले होते. पुढच्या चैत्रात बाईंच्या छातीत कळ आली. उंच गाडीत चढवता येईना, म्हणून त्यांना तणसावर निजवून रेंगीतून, लहान बैलगाडीतून, नेलं. गाडी दारात उभी, आणि बाई बैलांच्या चालीने पवनीला निघाल्या. त्या वाटेतच गेल्या. वैनगंगेच्या घाटावर त्यांना दहन दिलं.

आता वर्षाने गाडी खाली करायला निघाले म्हटल्यावर चहाच्या टपरीवर म्हण तयारच होती, बैल गेला अन् झोपा केला. टेकचंदनेही ती आदल्याच दिवशी म्हटली होती. समोर तो थरथरणारा पाय पाहिल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

"वजन किती जनाचं धरू?" त्याने विचारलं. त्याच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. गाडी खाली बसवणं सोपं, माणसं बसल्यावर ती वर राहणं अवघड.

"तिघांचं."

"तुमी, भोजराज..."

"आन् ती."

टेकचंदने हातातला पान्हा खाली ठेवला.

वासुदेवरावांनी मग नीट समजावून सांगितलं, जसं एखाद्याला गावाचा रस्ता सांगावा. त्यांच्या घरची रीत होती. माणूस गेल्यावर वर्षाने, अकतीच्या म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी, त्याला देवात आणायचं. जिथं राख सोडली त्या पाण्याशी जायचं. घरच्याने एकदाच नाव घेऊन हाक मारायची, ओंजळीत येईल तो खडा गडव्यात ठेवायचा आणि घराकडे निघायचं. हाकेनंतर तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही. गेलेलं माणूस हाक मारणाऱ्याच्या मागे मागे येतं. घरी खडा देव्हाऱ्यात ठेवला की ते देवांत मिसळतं. आणि आलंच नाही तर पाण्याकाठी राहतं, कोणाचंच नसल्यासारखं.

"सारे पायी आनतेत," वासुदेवराव म्हणाले. "मी गाडीत आनीन. एकडाव तिले गाडीत बसवून घरी नेतो, मंग मले काई नाई पायजे."

निघता निघता ते पुन्हा वळले.

"आन् मिस्त्री, गाडी घेऊन घाटाकडं गेले तर तिथं तिचं नाव घेऊ नका. वरीसभर आमच्या घरच्या कोनी घेतलं नाई. ज्याची हाक पयले गेली त्याच्याच मांगं येते मानूस."

टेकचंदने मान डोलावली. गिऱ्हाइकाच्या सगळ्याच अटींना तो अशी मान डोलवायचा. कोणी म्हणे शनिवारी बोल्ट खोलू नका, कोणी म्हणे नारळ फोडल्याशिवाय बॉनेट उघडू नका. तो सगळ्यांना हो म्हणे आणि कामाला लागे.

"भंडाऱ्याचा एक जन पट्टे तापवून देतो म्हने," भोजराज म्हणाला. "घंट्याभरात गाडी खाली."

"येईन नं खाली. आन् पट्ट्याचा जीव जाईन. एका खड्ड्यात मोडला का तुमी तिघंही संगच देवात."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. वासुदेवराव मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.

टेकचंद नागपूरला जाऊन स्वतः पार्ट निवडून घेऊन आला. ठेकेदाराचे जास्तीचे पट्टे त्याने काढून फेकले, पण मूळच्यातला एकही कमी केला नाही. कमान हलकी केली की गाडी खाली दिसते खरी, आणि माणसं बसली की बॉडी येऊन टायरवर टेकते. त्याऐवजी त्याने एक्सल आणि कमानीच्या मध्ये लोखंडी गुटका, चपटा ठोकळा, घातला. गुटके दोन मिळत होते. जाड गुटक्याने गाडी हवी तेवढी खाली आली असती, पण घाटाच्या उतारावर तिचं पोट दगडाला लागलं असतं. त्याने पातळ घेतला. यू-बोल्ट लांब लागणार होते, तेही नुसते आटे वाढवून दिलेले नकोत म्हणून त्याने दुकानदाराशी वाद घातला. मागचे शॉकअप आखूड घेतले आणि पुढची बाजू एक घर उतरवून मागच्याशी जुळवली. राहिलेली उणीव त्याने सीटमधून काढली, खालचा काथ्या कमी करून. गाडी बसकी झाली आणि कमान होती तशीच कडक राहिली.

मग वजन लावून पाहायचं होतं. टेकचंदची त्यासाठी एक पद्धत होती. माणसांच्या जागी तो धानाची पोती बसवायचा आणि प्रत्येक पोत्याला त्या माणसाचं नाव द्यायचा. लग्नाची गाडी असली की नवरा-नवरीची पोती शेजारी ठेवून तो त्यांना उखाणे घ्यायला सांगे. आजूबाजूचे दुकानदार ती मजा बघायला येत. या वेळी कोणी आलं नाही.

वासुदेवरावांनी मागच्या डाव्या जागेसाठी स्वतः अर्धं पोतं निवडलं. मग त्यातलंही ओंजळी ओंजळीने धान काढलं.

"शेवटी शेवटी लई वाळली होती," ते म्हणाले.

टेकचंदने त्यांना चाकाजवळ बसवून दाखवलं. डावी बाजू रिकामी असली तर मडगार्डखाली चार बोटं आणि वर अंगठा जात होता. ते अर्धं पोतं ठेवलं की नेमकी चार बोटं. अंगठा बाहेर राहत होता. वासुदेवरावांनी स्वतःचा हात घालून दोनदा खात्री केली आणि ते समाधानाने आसगावला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकचंद पोती भरलेली गाडी घेऊन घाटावर उतरला. त्या वाटेवरची सगळ्यांत वाईट जागा तीच होती, आणि गाडी तिथं टिकली तर कुठंही टिकली असती. नदी उन्हाने आटून अलीकडच्या काठाला लागली होती. पलीकडे वाळूतल्या डांगरवाड्यांवर, टरबूज-खरबुजांच्या मळ्यांवर, कोणी राखणदार दिसत नव्हता. गाडी दगडांवरून हळूहळू उतरली, कुठं घासली नाही, आणि पाण्याच्या कडेला थांबली. इंजिन बंद केल्यावर एवढी सामसूम झाली की टेकचंदला स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यायला लागला.

उतारावर मागचं अर्धं पोतं कलंडलं होतं. त्याने उतरून डावं दार उघडलं, पोतं उचलून सरळ केलं आणि सवयीने, जसं तो नेहमी म्हणायचा तसं, म्हणाला,

"नीट बसा, रुखमिणीबाई. तुमच्यासाठीच चाल्लं हे सारं."

त्याच क्षणी गाडीची डावी बाजू खाली गेली. आवाज नाही, हिसका नाही. कोणी तरी येऊन बसावं तशी ती दबली. टेकचंदने चाकापाशी वाकून हात घातला. चारच्या जागी तीन बोटं मावत होती. त्याने पट्टे पाहिले, बोल्ट पाहिले, गाडीखाली सरपटून गुटकासुद्धा चाचपला. सगळं जागच्या जागी होतं. खोलून पुन्हा बांधलेले पट्टे वजनाने थोडे बसतात, असं त्याने मनाशी म्हटलं. आणि गाडी वळवून तो परत निघाला.

गॅरेजात येऊन तो गाडीतून उतरला, तशी डावी बाजू आपोआप वर आली. तो पुन्हा आत बसला. ती पुन्हा खाली गेली. त्याने सगळी पोती उतरवली. डावी कमान उजवीकडे घातली, उजवी डावीकडे. दिवस मावळेपर्यंत तो हेच करत राहिला. पार्टमध्ये दोष असता तर कमानीबरोबर बाजू बदलली असती. तो रिकाम्या गाडीत बसला की डावीच बाजू दबायची, उतरला की उठायची.

तो सायकल घेऊन घरी गेला. उताराचा रस्ता असूनही पायडल जड होतं. अंगणात पोचेस्तोवर त्याची बायको निर्मलाबाई पाणी घेऊन दारात आली होती. तिच्या दोन्ही हातांत दोन गडवे होते.

"दोन कायले?" टेकचंदने विचारलं.

तिने हातांकडे पाहिलं, जसं काही ते तिला आत्ताच दिसले.

"तुमच्यासंगं कोनी आलं नं?" ती म्हणाली. "पाय घासत चालनारी बाई. मले आयकू आलं." तिने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

निर्मलाबाईने रुखमिणीबाईंना कधी पाहिलं नव्हतं. टेकचंदने एका गडव्यातलं पाणी प्यायलं. दुसरा तिने तसाच उंबऱ्याशी ठेवला, आणि दोघांपैकी कोणी तो उचलला नाही.

टेकचंद घाबरला होता, यात काही लपवण्यासारखं नाही. पण भीतीपेक्षा त्याला एकाच गोष्टीचं ओझं होत होतं. त्या म्हाताऱ्याने वर्षभर जीभ आवरली होती. घाटावरून जाताना स्वतःच्या बायकोचं नाव गिळलं होतं. आणि आपण ते एका पोत्याला देऊन मोकळे झालो. आसगावला जाऊन सांगावं असं त्याने ठरवलं, आणि मग नाही सांगितलं. नवऱ्याची हाक ती नवऱ्याची, त्याने स्वतःला समजावलं. त्यापुढे मिस्त्रीच्या हाकेला कोण विचारतो?

अकतीच्या दिवशी सकाळी तो घाटावर हजर राहिला. गाडीच्या कामासाठी यावं, असं वासुदेवरावांनीच सांगितलं होतं. गाडी धुऊन लख्ख केली होती. भोजराज स्टिअरिंगवर ताठ बसला होता. वासुदेवराव नवं धोतर नेसून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. वर्षभर त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं. मग ते एकदम ओरडले,

"रुखमिणी!"

पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. टेकचंद जिथं उभा होता तिथं, त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ, कोणी तरी श्वास आत ओढला.

तो वळला नाही. वासुदेवरावांनी ओंजळ भरली, खडा गडव्यात टाकला, वर पान झाकलं आणि ते गाडीकडे आले. डावं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि तिथं जरा वेळ उभे राहिले, पाहुण्याला पुढे जाऊ देतात तसे. मग दार लावून ते पलीकडून आत बसले, गडवा मांडीवर घेऊन. बोलायचं नव्हतं. त्यांनी डाव्या काचेतून टेकचंदकडे पाहिलं आणि हात वर केला. चार बोटं.

टेकचंद चाकाशी बसला. हात घातला. चार बोटं गेली, आणि त्यांच्यावरून अंगठाही अलगद आत गेला.

त्याने हात लगेच बाहेर काढला नाही. खोटं सांगायचं झालं तर अंगठा दुमडला की पुरे होतं. म्हातारा सुखाने घरी जाईल, खडा देव्हाऱ्यात ठेवेल, रोज त्याला फूल वाहील. खोटं कोणाला कळणार होतं? टेकचंद उठला, काचेसमोर आला आणि त्याने चार बोटं दाखवली.

वासुदेवरावांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. वर्षभरात त्यांचा चेहरा असा सैल पडलेला कोणी पाहिला नसेल. भोजराजने गाडी सुरू केली.

गाडी चढ चढू लागली. मागून टेकचंदला तिची डावी बाजू दिसत होती, दगडांवरून उडणारी, हलकी, जशी रिकाम्या जागेची बाजू असते. आणि त्याच्या पाठीमागे वाळूत पाय घासल्याचा आवाज आला. एक पाय, मग थांबून दुसरा. तो आवाज गाडीच्या मागे गेला नाही. टेकचंदपाशी येऊन थांबला.

त्याला रडू आलं. तो धावत सुटला. हाक मारायची नव्हती, म्हणून त्याने गाडीच्या डिकीवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. भोजराजने करकचून ब्रेक लावला. टेकचंदने मागचं डावं दार सताड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. ती त्याच्याच मागे येणार होती, म्हणून मग पुढचं दार उघडून तो स्वतः भोजराजच्या शेजारी जाऊन बसला. भोजराज त्याच्याकडे पाहत राहिला. टेकचंद समोर पाहत होता. मागे बसलेल्या म्हाताऱ्याला आपली चार बोटं खोटी होती हे आता कळलं असणार, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि वळून माफी मागायचीही सोय नव्हती.

इंजिन धुगधुगत होतं.

मग डावी बाजू दबली. थोडीशीच. तिथं ती थांबली, दम घ्यायला थांबावं तशी. मग, कोणी हाताने धरून दुसरा पाय आत घ्यावा एवढ्या वेळाने, उरलेली खाली गेली. पट्ट्यांनी वजन घेतलं. काही घासलं नाही, काही कुरकुरलं नाही. गाडीचं मागचं दार हळूच लागलं. ते कोणी ओढलं, ते टेकचंदने पाहिलं नाही.

भोजराज गाडी पुढे घेईना. टेकचंदने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि पुढे बोट दाखवलं. सावकाश.

गाडी हलली. मागच्या सीटचं रेक्झिन करकरलं. वासुदेवराव शेजारी जागा करून देत उजव्या दाराकडे सरकत होते. थोडे सरकून थांबले, मग आणखी थोडे सरकले, आणि घाटाचा चढ संपेपर्यंत ते दाराला अगदी चिकटून, अंग चोरून बसले होते.